खोबरेल शुद्ध आहे का? यंत्राला विचारा, पण नेमके विचारा

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. आपल्या भागात नारळाला तोटा नाही, तरीही बाजारातून खोबरेल आणताना भेसळीची शंका येतेच. थंडीत गोठले म्हणजे तेल शुद्ध, असे आपण मानतो. पण खोबरेलासारखेच पामच्या बियांतील गराचे तेलही गोठते. म्हणून ही घरगुती पारख अपुरी आहे.

प्रयोगशाळेत यासाठी ‘गॅस क्रोमॅटोग्राफी’ वापरतात. तेलातील स्निग्धाम्ले सहज वाफ होतील अशा रूपात आणून, वायूच्या प्रवाहाबरोबर केसासारख्या बारीक आणि कित्येक मीटर लांब नळीतून सोडतात. प्रत्येक आम्ल आपापल्या वेगाने सरकते, वेगळ्या वेळी बाहेर पडते आणि आलेखावर आपला उंचवटा उमटवते. उंचवट्यांवरून प्रमाण कळते.

खोबरेलात लॉरिक आम्ल साधारण ४५ ते ५३ टक्के असते. शेंगदाणा तेलात व पामतेलात ते नाममात्र असते. त्यामुळे अशा तेलांची बरीच भेसळ असल्यास थेंबभर नमुनाही पुरतो.

आता मर्यादा पाहू. पामच्या गराच्या तेलातही लॉरिक आम्ल जवळजवळ तेवढेच असते. ते थोडेच मिसळले तर आकडे मर्यादेतच राहतात. खनिज तेलात स्निग्धाम्ले नसतात, म्हणून ते या आलेखात दिसत नाही. त्याची चाचणी वेगळी. तेल खवट झाले आहे का, हेही यातून कळत नाही.

हा भेद जिवावर बेतू शकतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. लोकांच्या पायांवर सूज आली, साठाहून अधिक माणसे दगावली. त्यातील सँग्विनरीन हे विष स्निग्धाम्लांच्या तपासणीत दिसत नाही. त्यासाठी पातळ थराच्या पट्टीवरील क्रोमॅटोग्राफी ही साधी, स्वस्त पद्धत उपयोगी पडते.

म्हणून अहवाल हाती आला की केवळ ‘योग्य’ हा शेरा वाचू नका. कोणती चाचणी केली ते पाहा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो.