अनोळखी गिअरबॉक्सची ओळख आणि त्याच्या तेलाची निवड

विदर्भात मृगाचा पाऊस पडून काळ्या जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीसाठी हाती फार थोडे दिवस असतात. त्याच दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. कपाशीची व सोयाबीनची पेरणी लांबते आणि हंगामाची घडीच विस्कटते. यास्तव ट्रॅक्टरची तपासणी वैशाखातच उरकून घेणे इष्ट होय. इंजिनाकडे बहुतेक शेतकरी बंधू लक्ष पुरवितात. परंतु आसनाखाली दडलेल्या गिअरबॉक्सची आठवण तो आवाज करू लागेपर्यंत सहसा होत नाही.

जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यास तर ही अडचण विशेष जाणवते. समजा, सावनेर अथवा उमरेड भागातील एखाद्या शेतकऱ्याने तिसऱ्या हाताचा ट्रॅक्टर घेतला. माहितीपुस्तिका हरवलेली आहे, निर्मात्याची पाटी निघून गेली आहे आणि रंग नवा आहे. गिअरबॉक्सचे तेल बदलावयाचे म्हणून तो दुकानात जातो. दुकानदार विचारतो, ‘‘कोणते तेल देऊ?’’ यावर ठरलेले उत्तर असते, ‘‘नव्वद नंबरचे द्या.’’ हे उत्तर पुष्कळदा बरोबर ठरते. पण जेव्हा चुकते तेव्हा ती चूक त्या दिवशी दिसत नाही. ती काही महिन्यांनी, ऐन कामाच्या वेळी उघडकीस येते. म्हणून तेल सवयीने किंवा जुन्या तेलाचा रंग पाहून न घेता, पेटीच्या आत काय आहे ते जाणून घ्यावे, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

बॉनेटवरील नावावर विसंबू नये

आपल्या देशातील ट्रॅक्टर उद्योगाचा इतिहास पाहिला म्हणजे नाव आणि यंत्र यांत फरक का पडतो ते कळते. आयशर कंपनीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला तयार झाला. पुढे २००५ साली हा व्यवसाय टॅफे कंपनीकडे गेला. महिंद्रा कंपनीने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर बाजारात आणला. बी-२७५ची मूळ बनावट इंग्लंडमधील होती. १९७७ साली ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. आज नागपूरजवळील हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतही महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. एच. एम. टी.ने १९७१ पासून झेटर या चेक बनावटीवर आधारलेले ट्रॅक्टर काढले. तो कारखाना आता बंद झाला आहे. पंजाब ट्रॅक्टर्सचा ‘स्वराज’ २००७ साली महिंद्राच्या ताब्यात आला.

तात्पर्य, एकच मूळ बनावट निरनिराळ्या नावांनी विकली गेली आणि एकाच नावाखाली निरनिराळे गिअरबॉक्स बसविले गेले. शिवाय जुन्या यंत्रात भंगारातून आणलेला दुसरा गिअरबॉक्स बसविलेला असण्याचाही संभव असतो. बॉनेटवरील नाव ही शोधाची सुरुवात समजावी, निकाल समजू नये.

ओळखीचे पुरावे

पुरावे गोळा करावयाचे ते पुढील क्रमाने करावेत.

पहिला पुरावा कागदपत्रांचा. नोंदणी पुस्तिकेत बनावट, निर्मितीचे वर्ष, चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक दिलेले असतात. हे क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत.

दुसरा पुरावा पेटीवरील आकड्यांचा. तारेच्या ब्रशने व रॉकेलने पेटीच्या बाजू, वरचे झाकण आणि क्लचच्या घराची जोडजागा स्वच्छ करावी. आकडे दोन प्रकारचे आढळतात. उठावदार आकडे ओतकामाच्या वेळी साच्यातून आलेले असतात, तर खोलगट आकडे नंतर ठोकलेले असतात. उठावदार आकडा बहुधा केवळ त्या ओतीव कवचाचा असतो. सुट्या भागांच्या सूचीतील क्रमांक त्याहून वेगळा असू शकतो. ठोकलेला आकडा बहुधा अनुक्रमांक असतो. दोन्ही जसेच्या तसे उतरवून किंवा त्यांचे छायाचित्र काढून अधिकृत विक्रेत्यास दाखवावे.

तिसरा पुरावा बाह्य रचनेचा. मुख्य दांडा व जलद-मंद दांडा कोठे आहेत, किती पुढचे व किती मागचे गिअर पडतात, झाकणास किती बोल्ट आहेत, पी. टी. ओ.च्या दंडास किती खाचा आहेत, हे टिपून घ्यावे. मुख्य दांड्याचे चार पुढचे व एक मागचा गिअर असेल आणि जलद-मंद अशा दोन पायऱ्या असतील, तर आठ पुढचे व दोन मागचे गिअर होतात. तथापि आठ-दोनची मांडणी अनेक कंपन्यांत आढळते. एवढ्यावरून निर्णय करू नये.

फेऱ्या मोजण्याची रीत

चौथा पुरावा सर्वांत भरवशाचा आहे आणि त्यास एक पैसाही लागत नाही. प्रत्येक गिअरमध्ये मागील चाकाची एक फेरी होण्यास इंजिनाच्या किती फेऱ्या लागतात, ही संख्या त्या बनावटीची खूण असते.

सपाट व मोकळ्या जागेत मागील टायरवर खडूने ठळक रेघ मारावी. ट्रॅक्टर पहिल्या मंद गिअरमध्ये सरळ रेषेत चालवावा आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटास १५०० वर स्थिर ठेवाव्यात. दुसऱ्या माणसाने बाजूस, सुरक्षित अंतरावर राहून एका मिनिटात चाकाच्या किती फेऱ्या होतात ते मोजावे. १० फेऱ्या झाल्या, तर १५०० भागिले १०, म्हणजे प्रमाण १५० झाले. असेच इतर गिअरचे प्रमाण काढावे. वरच्या गिअरसाठी इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवाव्यात. टायर लहान की मोठा, याचा या हिशेबावर परिणाम होत नाही.

पेटी उघडलेलीच असेल तर दात मोजावेत. फिरविणाऱ्या चक्रास २० व फिरणाऱ्या चक्रास ४० दात असतील तर प्रमाण दोन. पुढील जोडी १५ व ४५ दातांची असेल तर तिचे प्रमाण तीन. दोहोंचे मिळून सहा.

हे आकडे ताडून पाहण्याची सोयही आहे. मध्य प्रदेशात बुधनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रे प्रशिक्षण व परीक्षण संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. तेथील ट्रॅक्टर परीक्षण अहवालांत प्रत्येक गिअरसाठी चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या किती, ते दिलेले असते. निर्मात्याने सांगितलेले वंगण व त्याचे परिमाणही त्यात नमूद असते. आपले आकडे एखाद्या अहवालाशी सर्व गिअरांत जुळले, म्हणजे ओळख जवळजवळ पटली असे मानण्यास हरकत नाही.

जुने तेल काय सांगते

कामावरून आल्यावर, तेल गरम असतानाच ते स्वच्छ भांड्यात काढावे आणि फडक्यातून गाळावे. चुंबकी बुचावर राखाडी रंगाची मऊ पेस्ट आढळली तर ती नेहमीच्या झिजेची होय. धारदार कपचे किंवा दाताचे तुकडे आढळल्यास मात्र पेटी उघडणे भाग आहे. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे. रामटेक व मौदा भागात धानाची चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पिवळी चमक दिसली तर आत पितळी किंवा कांशाचे भाग आहेत व ते झिजत आहेत. काळे तंतू आढळल्यास तेलात बुडालेल्या ब्रेकच्या तबकड्या झिजत असण्याचा संभव असतो.

जुने तेल पेटीची प्रकृती सांगते, परंतु तेच योग्य तेल होते याचा पुरावा देत नाही. पूर्वीच्या मालकाचीही चूक झालेली असू शकते.

तेल निवडण्यापूर्वी चार प्रश्न

ओळख पटली तर निर्मात्याने सांगितलेलेच तेल घालावे. ती पटली नाही, तर मिस्त्रीच्या मदतीने पुढील चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

१. ब्रेक तेलात बुडालेले आहेत काय? एका बाजूचे ब्रेकचे झाकण उघडून पाहावे. ऑइल ब्रेक असल्यास त्यासाठी बनविलेले ट्रॅक्टरचे संयुक्त तेल, म्हणजे गिअर, लिफ्ट व ब्रेक या तिहींचे तेल, घालावे. साधे गिअर तेल घातल्यास असे ब्रेक कर्कश आवाज करतात, धक्के देतात व त्यांची पकड बिघडते. भरलेली ट्रॉली उतारावरून नेताना ही गोष्ट जिवावर बेतू शकते. मात्र कोरड्या ब्रेकच्या तबकड्यांवर तेल दिसले तर त्याचा अर्थ सील गळते आहे, एवढाच.

२. लिफ्टचा पंप गिअरबॉक्समधूनच तेल ओढतो काय? पंपाची चोषणनळी कोठून निघते ते पाहावे. फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत पंप पेटीतच बुडालेला असतो. अशा ठिकाणी १४० नंबरचे जाड तेल वर्ज्य समजावे. काही जुन्या बनावटींत निर्मात्याने ९० नंबरचे तेल सांगितलेले असते. तेथे त्याचेच ऐकावे. बनावट कळत नसेल तर संयुक्त तेल घ्यावे.

३. आत पिवळ्या धातूचे भाग आहेत काय? सुलभ गिअर बदलासाठी बसविलेल्या सिंक्रो कड्या बहुधा पितळी असतात. अतिदाब सहन करण्यासाठी तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळतात. डब्यावर जी. एल.-५ लिहिलेल्या तेलात त्यांचे प्रमाण जी. एल.-४ पेक्षा जास्त असते. उष्णतेत ती तांबेयुक्त धातूस खाऊ शकतात. शिवाय फार निसरडे तेल असेल तर कडीस पकड मिळत नाही व गिअर टाकताना दात घासतात. शंका असल्यास जी. एल.-४ घ्यावे.

४. मागील धुऱ्यात हायपॉइड चक्रे आहेत काय? या रचनेत लहान चक्राचा अक्ष मोठ्या चक्राच्या मध्यापासून बाजूस सरकलेला असतो व दात एकमेकांवर जोराने घसरतात. तेथे जी. एल.-५ हवे. ही रचना मुख्यतः जीप व मालमोटारींच्या धुऱ्यात आढळते. त्या वाहनांचा गिअरबॉक्स वेगळा असल्यामुळे धुऱ्याचे तेल त्यात घालू नये.

चारही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर जी. एल.-४ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचे तेल योग्य ठरते. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून अशा साध्या व झिजलेल्या पेटीत, निर्मात्याची संमती असल्यास, १४० नंबरही चालते.

नंबराचा अर्थ

गिअर तेलाचा व इंजिन तेलाचा नंबर एकाच मापाचे नाहीत. १०० अंश तापमानास इंजिनाच्या ४० नंबर तेलाची दाटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, तर गिअरच्या ९० नंबर तेलाची, आजच्या मानकानुसार, १३.५ ते १८.५ असते. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखीच दाट आहेत. जी. एल.चा आकडा दाब सहन करण्याची प्रत दाखवितो, तर ९० किंवा १४० हा आकडा दाटी दाखवितो. डब्यावरील दोन्ही आकडे वाचावेत. संयुक्त तेल हातास पातळ लागते, म्हणून ते निकृष्ट समजू नये.

तेल भरताना घ्यावयाची काळजी

दोन जातींची तेले मिसळू नयेत. पेटी डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नये, कारण तळाशी राहिलेला अंश नव्या तेलास पातळ करतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पातळीच्या बुचापर्यंत किंवा मापकांडीच्या खुणेपर्यंतच तेल भरावे. कमी तेलाने वरची चक्रे कोरडी पडतात, तर जास्त तेल सीलमधून कोरड्या ब्रेकवर उतरते. हवेचे छिद्र मातीने बुजलेले असल्यास मोकळे करावे. उलटणारी ट्रॉली अनेक ट्रॅक्टरांस जोडली जात असेल तर तिच्या नळीतून एकाचे तेल दुसऱ्यात जाते, हे विसरू नये. सुमारे ५० तास काम झाल्यावर बूच काढून तेल पुन्हा पाहावे.

शेवटी, पेटीच्या बाजूवर ऑइलपेंटने तेलाचे नाव, प्रत, नंबर व तारीख लिहून ठेवावी आणि मोजलेली प्रमाणे नोंदणी पुस्तिकेबरोबर कागदावर जपून ठेवावीत. एका दिवसाच्या श्रमाने मिळविलेली ही ओळख पुन्हा हरवू देऊ नये. उद्या हाच ट्रॅक्टर दुसऱ्या शेतकऱ्याच्या हाती गेला तर त्यास हा शोध पहिल्यापासून करावा लागणार नाही, आणि मृगाचा वाफसा दोघांचाही वाया जाणार नाही.