खाल्लेल्या गोलांचा हिशेब (गोलजाळ्याचे राखणदार : लेखांक ६)

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाच्या संघाने बलाढ्य सोव्हिएत रशियाला अतिरिक्त वेळ धरून १२० मिनिटे एकही गोल करू दिला नाही. गोलात मौल्वी साएलान उभा होता. हाच साएलान पुढे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या अंगरक्षक दलात अधिकारी झाला. राखण हा त्याचा पिंडच असावा. पेनल्टींवर निकाल लावण्याची रीत तेव्हा नव्हती, म्हणून सामना पुन्हा खेळवण्यात आला आणि दोनच दिवसांनी त्याच रशियाने इंडोनेशियावर चार गोल चढवले. आता या साएलानला मोजायचे कसे? गुरुवारच्या शून्यावरून की शनिवारच्या चारावरून? अठ्ठेचाळीस तासांत माणसाचे हात आखूड झाले नव्हते, नजर अधू झाली नव्हती. थकली होती ती त्याच्यापुढची बचावफळी. पण नोंदवहीत पुढच्यांच्या थकव्याला रकाना नसतो.

मागच्या लेखांकात आपण १९९२च्या नियमबदलाने गोलरक्षकाच्या हातातला चेंडू पायात कसा आणला ते पाहिले. आज त्याहून जुना आणि अधिक हट्टी असा एक गैरसमज तपासायचा आहे. ज्याने कमी गोल खाल्ले तो मोठा गोलरक्षक, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की गोलरक्षक मोजण्याची यापेक्षा वाईट फूटपट्टी सापडणार नाही, आणि मोठ्या स्पर्धांच्या इतिहासात तिने सर्वाधिक अन्याय केला आहे तो दुबळ्या संघांच्या, म्हणजे पर्यायाने आपल्या गोलरक्षकांवर. क्रिकेटची नोंदवही या बाबतीत शहाणी आहे. फलंदाजाने मारलेला चौकार यष्टिरक्षकाच्या नावावर कोणी टाकत नाही. त्याच्या माथी लागतात त्या फक्त बाइज. फुटबॉलमध्ये मात्र दहा जणांचे कर्ज अकराव्याच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढते.

या फूटपट्टीचा सर्वांत मजेदार पुरावा २००६च्या जर्मनीतील विश्वचषकात मिळतो. स्वित्झर्लंडचा संघ चार सामने खेळला आणि त्याच्यावर एकही गोल झाला नाही. फ्रान्स आणि युक्रेनशी गोलशून्य बरोबरी, टोगो आणि दक्षिण कोरियावर प्रत्येकी २-० असा विजय. तरीही स्विस संघ युक्रेनपुढे पेनल्टींवर हरून घरी गेला, कारण त्यांच्या तिन्ही खेळाडूंना पेनल्टीवर गोल करता आला नाही. त्यांचा गोलरक्षक पास्कल झुबरब्युलर याने तर शेवचेंकोसारख्या कसलेल्या खेळाडूची पहिलीच पेनल्टी अडवली होती. खाल्लेल्या गोलांवरून पाहिले तर हा इतिहासातला सर्वश्रेष्ठ गोलरक्षक ठरायला हवा. पण जगातल्या महान गोलरक्षकांची यादी करणारा कोणी त्याचे नाव घेत नाही, आणि त्यात फारसे चुकतही नाही. त्याच्यापुढची फळी इतकी शिस्तीची होती की त्याच्यापर्यंत कामच कमी आले. याच्या उलट २०१४मध्ये बेल्जियमविरुद्ध अमेरिकेच्या टिम हॉवर्डने एका सामन्यात पंधरा-सोळा फटके अडवले, दोन गोल खाल्ले आणि संघ हरला. दोघांपैकी कोणाच्या संध्याकाळी गोलरक्षण अधिक झाले, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मेलबर्नच्या त्याच ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. फुटबॉलमध्ये ऑलिंपिकची याहून वरची पायरी आपण आजवर चढलेलो नाही. त्या संघात दोन गोलरक्षक होते. एक हैदराबादचे उंचेपुरे पीटर थंगराज, आणि दुसरे मुंबईचे एस. एस. नारायण ऊर्फ बाबू. नारायण यांचे मूळ केरळातले, पण त्यांचा खेळ माटुंग्याच्या मैदानांवर घडला. पुढे कॅलटेक्स आणि टाटांकडून ते खेळले, १९६०च्या रोम ऑलिंपिकच्या संघातही होते, आणि १९६४मध्ये संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघात त्यांचा वाटा होता. २०२१मध्ये ठाण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा किती मराठी घरांत ती बातमी पोचली असेल याची शंकाच आहे. मेलबर्नमध्ये हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. मग ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले, युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि बल्गेरियाकडून ०-३ अशी हार पत्करली. म्हणजे तीन सामन्यांत नऊ गोल. नोंदवही म्हणते, गोलरक्षण ढिसाळ.

पण हे नऊ गोल जरा उलगडून पाहा. चारच वर्षांपूर्वी, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, याच युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुऊन काढले होते. मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात मध्यंतराला फलक कोरा होता आणि नंतर पहिला गोल भारताने केला, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने. मग काही मिनिटांच्या अंतराने गोल होत गेले आणि चौथा तर आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून जाळ्यात गेला. त्या काळात आपले देशांतर्गत सामने ७० मिनिटांचे असत आणि आंतरराष्ट्रीय सामना ९० मिनिटांचा. शेवटच्या वीस मिनिटांची सवयच नसलेले पाय पुढे धावत असताना मागे उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? दहाचे चार झाले, त्यात अनवाणी खेळणे मागे पडल्याचा आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या आखणीचा हात मोठा आहे. पण गोलरक्षकांचा काहीच नाही असे म्हणणे म्हणजे पिकाचे श्रेय पावसाला देऊन बांधावर जागणाऱ्याला विसरण्यासारखे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. हरणाऱ्यांची बाजू घेणे सोपे असते. स्पर्धा जिंकण्यासाठी असते आणि गोल हाच खेळाचा शेवटचा शब्द. मान्य. मी गोल मोजू नका असे म्हणत नाही, कशातून किती गोल झाले ते मोजा असे म्हणतो. आणि ही सवलत फक्त हरणाऱ्यांना नको आहे. लेव्ह याशीन हा जिंकणारा गोलरक्षक. मेलबर्नचे सुवर्ण त्याचे, १९६०चा युरोपीय चषक त्याचा. तोच याशीन १९६२च्या विश्वचषकात चिलीमधल्या आरिका शहरात कोलंबियाविरुद्ध ४-१ अशा आघाडीवरून ४-४ अशा बरोबरीत सापडला. त्यातला एक गोल थेट कॉर्नरवरून आत गेला, विश्वचषकात असा गोल त्याआधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. पुढे यजमान चिलीने रशियाला बाहेर काढले आणि याशीन संपला अशी हाकाटी झाली. पुढच्याच वर्षी, १९६३मध्ये, युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बालोन दोर त्याला मिळाला. आजवर दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकाला तो मिळालेला नाही. म्हणजे ही फूटपट्टी दुबळ्यांनाच फसवते असे नाही, ती सर्वश्रेष्ठालाही फसवते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो माझ्यावरच उलटतो. अडवलेले फटके मोजू म्हणता, तर चांगला गोलरक्षक फटका होऊच देत नाही, त्याचे काय? याशीनचीच ख्याती ही होती. गोलरेषा सोडून पुढे येणे, क्रॉस हवेतच झेलणे किंवा मुठीने दूर मारणे, बचावपटूंना ओरडून जागेवर ठेवणे. यातले काहीच ‘अडवलेले फटके’ या रकान्यात पडत नाही. हा आक्षेप मला पूर्णपणे परतवता येत नाही. एवढेच सांगता येते की फटक्यांचा आकडा अपुरा आहे, पण गोलांच्या आकड्यासारखा खोटा नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण जिंकले. आधीच्या सामन्यांत प्रद्योत बर्मन गोलात होते. अंतिम सामन्याला थंगराज उतरले. प्रेक्षक भारताच्या विरोधात पेटलेले, कोरियाचे उंच चेंडू गोलासमोर पडणारे. अशा वेळी उंच गोलरक्षकाचा पुढे आलेला हात कोणत्याही रकान्यात जात नाही, पण सुवर्णात जातो.

या सगळ्यात सर्वांत कडवट प्रकरण ब्राझीलच्या मोआसिर बार्बोझाचे आहे आणि त्यावर जरा थांबायला हवे. १९५०च्या विश्वचषकाच्या अखेरच्या सामन्यात रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. ब्राझीलने आघाडीही घेतली. मग उरुग्वेचा घिग्गिया उजव्या बगलेने आत शिरला, त्याने चेंडू मध्ये दिला आणि शियाफिनोने गोल केला. थोड्या वेळाने घिग्गिया पुन्हा त्याच बगलेने, त्याच बचावपटूला चकवून आला. बार्बोझाने मघाचाच डाव येणार असे धरले, मध्ये येणारा चेंडू अडवायला एक पाऊल पुढे टाकले आणि जवळच्या खांबाशी थोडी फट राहिली. घिग्गियाने त्या फटीतून चेंडू मारला. १-२. ब्राझीलने ही हार बार्बोझाच्या नावावर लिहिली ती २०००मध्ये तो मरेपर्यंत पुसली नाही. आता शांतपणे विचार करा. काही मिनिटांपूर्वी त्याच माणसाने त्याच जागेवरून काय केले, ते पाहून बार्बोझाने निर्णय घेतला होता. पुरावा पाहता तो निर्णय बरोबर होता. फळ वाईट निघाले. एकाच बगलेवर दोनदा खिंडार पडले, पण दोष बुरुजावरच्या शेवटच्या माणसाला लागला. निर्णय आणि निकाल यांत फरक न करणे ही त्या नोंदवहीची मूळ खोड आहे, आणि तीच आपण प्रेक्षक म्हणून उचलली आहे.

उलट बाजूनेही हेच घडते. १९७०मध्ये पेलेचा जमिनीवर आपटून उसळणारा हेडर इंग्लंडच्या गॉर्डन बँक्सने आडव्या खांबावरून बाहेर ढकलला. तो क्षण जगाने जपून ठेवला. तो सामना ब्राझीलने १-० असा जिंकला, हे मात्र अनेकांना आठवत नाही. म्हणजे मनाला पटले तर आपण निकाल बाजूला ठेवून गोलरक्षकाला मोजू शकतो. फक्त ते औदार्य दृश्य देखणे असेल तेव्हाच दाखवतो.

गोव्याच्या ब्रह्मानंद संखवाळकरांकडे पाहा. १९८३ ते १९८६ या काळात ते भारताचे कर्णधार होते, साळगावकर संघाचा कणा होते. १९८३च्या संतोष करंडकात गोवा आणि बंगाल यांच्यातला अंतिम सामना आणि फेरलढत दोन्ही गोलशून्य राहिल्याने करंडक विभागून द्यावा लागला; पुढच्या वर्षी गोव्याने तो एकट्याने जिंकला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९७मध्ये, कर्णधारपद संपल्यावर कितीतरी वर्षांनी, आणि पद्मश्री २०२२मध्ये. आघाडीपटूला इतकी वाट पाहावी लागली असती का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. २०११च्या दोह्यातल्या आशियाई चषकात सुब्रत पालने तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले, आणि तरी ती स्पर्धा पाहिलेला कोणीही जाणकार त्याला त्या संघातला सर्वांत बरा खेळाडू म्हणेल. ऑस्ट्रेलिया आणि कोरियाच्या माऱ्यापुढे तो नसता तर तेराचे किती झाले असते, याचा रकाना कुठेच नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला आंतरराष्ट्रीय गोलरक्षकांच्या या इतिहासात पान नाही, हे उघड आहे. पण तो इतिहास जिथून सुरू होतो ते शाळेचे मैदान धडगावपासून नवापूरपर्यंत सगळीकडे आहे, आणि तिथे गोलात कोणाला उभे करतात हेही सगळ्यांना माहीत आहे. जो धावायला मंद, जो सर्वांत लहान, किंवा ज्याची चप्पल तुटली आहे, त्याला. गोल झाला की शिव्या त्यालाच. कबड्डीत पकड करणाऱ्याला गुण मिळतो, त्याच्या नावाने टाळ्या पडतात. फुटबॉलच्या गोलात अडवण्याला काही मिळत नाही, चुकण्याला मात्र सगळे मिळते. म्हणून जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती आहे. यंदाच्या शालेय फुटबॉल स्पर्धांत गुणफलकाच्या कागदावर एक जादा रकाना आखा. गोलावर आलेले फटके किती, अडवलेले किती, पुढे येऊन झेललेले क्रॉस किती, एवढेच लिहा. पेन्सिलीने लिहिले तरी चालेल. सामना संपल्यावर तो कागद गोलात उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला दाखवा. पुढच्या आठवड्यात आपण पेनल्टीकडे वळू.