स्तनकर्करोगाचा वारसा आणि बीआरसीए जनुके

स्तनाचा कर्करोग बहुतेक स्त्रियांना आनुवंशिकतेमुळे होत नाही. वाढते वय, संप्रेरकांचा परिणाम, वजन, मद्यपान अशी अनेक कारणे त्यामागे असतात. मात्र दर शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींना आई किंवा वडिलांकडून एका सदोष जनुकाचा वारसा मिळालेला असतो. त्यांचा आजार तुलनेने लहान वयात उद्भवतो, कधी दोन्ही स्तनांत होतो आणि घराण्यात पिढ्यानपिढ्या दिसत राहतो.

काही घराण्यांत हा आजार वारंवार होतो हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होते. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी 1866 मध्ये स्वतःच्या पत्नीच्या घराण्यातील अनेक पिढ्यांची नोंद प्रसिद्ध केली आणि त्या घराण्यात कर्करोगाने किती स्त्रिया दगावल्या ते दाखवून दिले. तरीही अशा नोंदींवरून आनुवंशिकता सिद्ध होत नव्हती. एका घरातली माणसे एकाच प्रकारचे अन्न खातात, एकाच वातावरणात राहतात. शिवाय स्तनकर्करोग इतका सर्रास आढळतो की एका कुटुंबातल्या दोघीतिघींना तो योगायोगानेही होऊ शकतो.

मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात या प्रश्नावर काम सुरू केले. कर्करोगासारखा गुंतागुंतीचा आजार एका जनुकामुळे वारशाने येऊ शकतो, ही कल्पना त्या काळी फार थोड्यांना पटत होती. किंग यांनी आधी गणिताचा आधार घेतला. पंचावन्न वर्षांच्या आत स्तनकर्करोग झालेल्या सुमारे दीड हजार स्त्रियांच्या कुटुंबांची माहिती तपासून, थोड्या कुटुंबांत हा आजार एका प्रभावी जनुकाच्या नियमाने उतरतो, असे त्यांच्या गटाने 1988 मध्ये दाखवले. आता ते जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हे शोधायचे होते. 23 कुटुंबांतील 146 रुग्णांच्या माहितीची गुणसूत्रांवरील ज्ञात खुणांशी तुलना झाली, पण सगळी कुटुंबे एकत्र धरली की चित्र अस्पष्ट राहत होते. रुग्णांच्या वयानुसार कुटुंबे मांडल्यावर कोडे सुटले. जिथे आजार लहान वयात झाला होता त्या कुटुंबांत रोगाचा धागा थेट सतराव्या गुणसूत्राशी जुळला. उतारवयात आजार झालेल्या कुटुंबांत तो जुळत नव्हता. 1990 च्या अखेरीस हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्या जनुकाला बीआरसीए-1 हे नाव मिळाले.

जागा कळली, पण प्रत्यक्ष जनुक हाती लागायला आणखी चार वर्षे गेली. अनेक देशांतील प्रयोगशाळांच्या चढाओढीत 1994 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील मार्क स्कोल्निक यांच्या गटाने ते वेगळे केले. युटातील मॉर्मन पंथीयांनी जपलेल्या सविस्तर वंशावळी या कामात फार उपयोगी पडल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-2 शोधून काढले.

ही दोन्ही जनुके प्रत्येकाच्या शरीरात असतात, स्त्रीच्या आणि पुरुषाच्याही, आणि त्यांचे काम संरक्षणाचे आहे. पेशींमधील डीएनएचे दोन्ही धागे कधीकधी एकाच ठिकाणी तुटतात. फाटलेले पान दुसऱ्या प्रतीवरून जसेच्या तसे उतरवून घ्यावे तशी ही तूट पेशी भरून काढते, आणि त्या कामाला बीआरसीए जनुकांपासून बनणारी प्रथिने लागतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. जन्मतः एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर पेशीचे काम भागते. आयुष्यात एखाद्या पेशीतील ती दुसरी प्रतही बिघडली की अचूक दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. म्हणजे वारशाने धोका येतो, आजार येत नाही.

हा धोका किती असतो याचा भरवशाचा अंदाज 2017 मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून मिळाला. सदोष जनुक असलेल्या सुमारे दहा हजार स्त्रियांची माहिती त्यात घेतली होती. वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनकर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-1 मधील दोषामुळे सुमारे 72 टक्के, तर बीआरसीए-2 मधील दोषामुळे सुमारे 69 टक्के आढळली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी हेच आकडे अनुक्रमे 44 आणि 17 टक्के होते. बीआरसीए-2 मध्ये दोष असलेल्या पुरुषांनाही प्रोस्टेटच्या आणि क्वचित स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पीएएलबी-2, टीपी-53 अशा इतर काही जनुकांतील दोषांमुळेही स्तनकर्करोगाचा धोका वाढतो.

सदोष प्रत मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते, आणि ती वडिलांकडूनही येते. म्हणून आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा असतो. ज्या घराण्यात मुली कमी, तिथे सदोष जनुक पुरुषांमार्फत निमूटपणे पुढे जाते. इस्रायलमधील आठ हजारांहून अधिक अश्केनाझी ज्यू पुरुषांची तपासणी करून किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हेच दाखवले. सदोष जनुक सापडलेल्या कुटुंबांपैकी जवळपास निम्म्या कुटुंबांत कर्करोगाचा ठळक इतिहास नव्हता, तरी तिथल्या जनुकवाहक स्त्रियांचा धोका मोठाच होता. या समाजात साधारण चाळिसांपैकी एकाकडे असा दोष असतो आणि बहुतेकांमध्ये तो तीन ठरावीक प्रकारांपैकी एक असल्याने चाचणी सोपी जाते.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. दोषांचे प्रकार अनेक असल्याने सहसा संपूर्ण जनुक वाचावे लागते. आजवरची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने भारतीय रुग्णांच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा तुलनेने अधिक वेळा येतो. अशा शेऱ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो. अधिकाधिक भारतीय कुटुंबांचा अभ्यास होईल तसतसे हे शेरे कमी होतील. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत असा अभ्यास चालतो.

ही चाचणी बराच काळ महाग होती. बीआरसीए जनुकांवर पेटंट मिळवलेल्या मिरियड जेनेटिक्स या कंपनीची अमेरिकेत त्यावर मक्तेदारी होती. निसर्गतः असलेल्या डीएनएवर पेटंट घेता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2013 मध्ये एकमताने दिला. त्यानंतर इतर प्रयोगशाळा पुढे आल्या आणि चाचणीची किंमत उतरली.

तपासणीआधी समुपदेशक आईच्या आणि वडिलांच्या अशा दोन्ही बाजूंच्या किमान तीन पिढ्यांची माहिती विचारतो. घरात कुणाला आजार झाला होता हे लपवून ठेवले तर इथेच नुकसान होते. शक्यतो आधी आजारी व्यक्तीची चाचणी करतात आणि दोष सापडला तर नातेवाइकांची. दोष असलेल्या स्त्रीपुढे अनेक मार्ग असतात. तरुण वयापासून दरवर्षी एमआरआय आणि पुढे मॅमोग्राफी करून आजार लवकर पकडता येतो. दोन्ही स्तन आधीच काढण्याच्या शस्त्रक्रियेने स्तनकर्करोगाचा धोका नव्वद टक्क्यांच्या आसपास घटतो. अंडाशयाच्या कर्करोगासाठी खात्रीची चाळणी चाचणी नसल्याने, मुले झाल्यावर अंडाशय व अंडवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो.

या संशोधनातून उपचारही निघाला. बीआरसीए निकामी झालेल्या पेशींना दुरुस्तीच्या दुसऱ्या मार्गावर अवलंबून राहावे लागते. तो मार्ग औषधाने अडवला तर त्या पेशी मरतात, हे 2005 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्या तत्त्वावरील ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत 2014 मध्ये अंडाशयाच्या आणि 2018 मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

चाचणीचा लाभ दोष सापडलेल्या स्त्रीपुरताच नसतो. घराण्यातील दोष नेमका कळलेला असेल आणि तो एखाद्या बहिणीत किंवा मुलीत नसेल, तर तिचा धोका सर्वसाधारण स्त्रीइतकाच राहतो. तिला जादा तपासण्या लागत नाहीत, आणि तिच्याकडून तो दोष तिच्या मुलांकडे जात नाही.