राखणीचे कलम
(नियमांचे वाचन : लेखांक ६)

गतांकात फाशांच्या गणिताचा विचार झाला. आज संरक्षक मंत्रांकडे वळावयाचे, आणि वळताना, ज्या पडवीत हा वाद उपस्थित झाला तिचा उल्लेख केल्यावाचून गत्यंतर नाही. चतुर्थीच्या सुटीत मालवणास आलेला माझा भाचा आणि त्याचे तीन सवंगडी, बाहेर पागोळ्यांची धार लागलेली असता, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या खेळाचा डाव मांडून बसले होते. कथानक चालविणारा एक, पात्रे वठविणारे बाकीचे, आणि संशयाच्या प्रसंगी निर्णय देणारा वीस पैलूंचा फासा, असा हा खेळ. देवाला कौल लावणाऱ्या आमच्या मुलखात तो परका वाटावयाचे कारण नाही.

तंटा असा. एका मुलीच्या वैद्यीणबाईवर ‘प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड’ हा मंत्र घातलेला होता आणि घाटात एका वाटमाऱ्याने तिच्यावर तलवार उगारली. वाटमाऱ्या दुष्ट, मंत्राच्या नावातच दुष्टापासून रक्षण, सबब त्याने दोन फासे टाकून उणा आकडा धरावा, ही तिची फिर्याद. कथानक चालविणारा भाचा ती दाखल करून घेईना. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला मजकूर मी वाचून घेतला, तो एखाद्या सनदेइतका काटेकोर निघाला. मुदत दहा मिनिटे, तीही मंत्र घालणाराचे चित्त एकाग्र असेतोवर; लाभ, स्पर्श केलेल्या एकाच राजीखुशीच्या जिवाला; साहित्य पवित्र जल किंवा रुप्याची व लोखंडाची भुकटी (बाळंतिणीच्या उशाशी कोयती ठेवणाऱ्या घरात लोखंडाचे प्रयोजन समजावून द्यावे लागत नाही); आणि रक्षण कोणापासून, तर सहा जातींपासून : विकृत सृष्टीतले जीव, स्वर्गस्थ, महाभूतांतून घडलेले, यक्ष-पऱ्यांच्या कुळातले, नरकवासी, आणि मेल्यावरही हिंडणारे. यांपैकी कोणी हल्ला केला तरच दोन फाशांची सक्ती; शिवाय रक्षिताला भुलविणे, भिवविणे वा झपाटणे यांना साधत नाही. वाटमाऱ्या हाडामांसाचा माणूस. तो या यादीत कोठेच नाही.

नाव आणि यादी यांच्या अशा विरोधाचा विचार मीमांसेने पूर्वीच केलेला आहे. मीमांसासूत्रकार जैमिनीने अर्थनिर्णयासाठी श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे सांगितली आहेत, आणि त्यांत विरोध उद्भवला तर आधीचे बलवान, नंतरचे दुर्बल, असा दंडक घातला आहे. चिपळूणजवळ जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेच्या नियमांचा विस्तृत ऊहापोह केला आहे, तो जिज्ञासूंनी मुळातून पाहावा. समाख्या म्हणजे नाव, आणि ते रांगेत अगदी शेवटी. मंत्राचे नाव काही म्हणो, साक्षात शब्दाने सांगितलेल्या सहा जातींपुढे त्याचा अंमल चालत नाही.

परंतु एवढ्याने निवाडा होत नाही, कारण मुलीच्या बाजूने कावळा उभा राहतो. कावळ्यांपासून दही राख, असे सांगितलेल्या पोराने मांजराला दही चाटू दिले, तर त्याने आज्ञा पाळली असे कोणी म्हणणार नाही. तेथे कावळा हे उपलक्षण, दह्याची नासाडी करणाऱ्या प्रत्येकाचा प्रतिनिधी. मग सहा जाती हेही उपलक्षण का नव्हे? याला उत्तर परिसंख्येचे : पाच नखांचे अमुक पाच प्राणी भक्ष्य, असे शास्त्राने म्हटले की इतर पंचनखी वर्ज्य झाले. यादी कावळ्याची की परिसंख्येची, हे यादी करणाराच्या हेतूवरून ठरते. दह्याच्या मालकाला दही वाचवावयाचे असते. खेळ रचणाराला मात्र पात्र थोडेसे वाचवून बरेचसे संकटात ठेवावयाचे असते, कारण सर्वांपासून राखणारा मंत्र हाती आला की डाव तेथेच संपला. देवापुढे घालावयाच्या आमच्या गाऱ्हाण्याची गोष्ट निराळी. त्यात नावे घेऊन झाली तरी चुकलेमाकले, जाणते अजाणते सारे पदरात घेण्याची विनवणी असते आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून तीवर शिक्का मारतात. तेथे हद्द आखणे हाच प्रमाद ठरेल.

(आरवलीचा वेतोबा, ज्याला भाविक भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात आणि रात्री गावची फेरी घालून ज्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे, तो या सहा रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात मांडावा, असा प्रश्न एका पोराने केला. राखणदाराला हल्लेखोरांच्या यादीत घालू नये, एवढेच मी त्याला सांगितले.)

निवाडा भाच्याच्या बाजूने गेला. एकाच फाशाने वाटमाऱ्याची तलवार लागली आणि मुलगी रुसली. पण दुसऱ्याच वळणावर एक भूत वाटमाऱ्याच्या अंगात शिरले आणि नवा पेच पडला. हात माणसाचा, तलवार माणसाची, चालविणारा मात्र मृतांपैकी. आता यादी कोणाला लागू? मी श्रुती आणि लिंग यांच्या बलाबलाची मांडणी करू लागलो, तोच माजघरात नारळ खवीत बसलेल्या काकीने आतूनच विचारले, ‘‘अरे, आंगात इल्यार तो माणूस रवता खंय?’’

भाच्याने मुकाट्याने दोन फासे उचलले.