स्वप्न १७व्या वर्षी, उत्तर ३९व्या वर्षी: योसेफची वाट पाहण्याची गोष्ट

कोणी लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकतंय, कोणी एसटीत, कोणी रात्री गच्चीवर एकटं बसून. आणि ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. नगर जिल्ह्यातला २४ वर्षांचा एक भाऊ आहे. तो म्हणतो, "दादा, बारावीत असताना शिबिरात मला पक्कं वाटलं होतं की देव मला सेवेसाठी बोलावतोय. बायबल कॉलेजला जायचं ठरलं, आणि तेवढ्यात पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. आज सहा वर्षं झाली, मी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसतोय. माझं ऐकण्यात चुकलं का? की देव विसरला?"

खरं सांगतो, मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. "देवावर भरवसा ठेव" एवढं टाइप करून पाठवणं सोपं होतं. पण ते त्याने शंभर वेळा ऐकलं असणार. मग मी पुन्हा उत्पत्तीचं पुस्तक उघडलं आणि योसेफची गोष्ट वाचली. या वेळी मोबाईलचा कॅल्क्युलेटर शेजारी ठेवून.

आधी हिशेब करू

योसेफला स्वप्नं पडली तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पहिल्या स्वप्नात भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करतात. दुसऱ्यात सूर्य, चंद्र आणि ११ तारे. भावांनी त्याचा पायघोळ झगा काढून घेतला, त्याला खड्ड्यात टाकलं, आणि मग चांदीच्या २० तुकड्यांना मिसरला चाललेल्या व्यापाऱ्यांना विकलं. पुढे पोटीफरच्या घरी गुलामी. त्याच्या बायकोचा खोटा आरोप. तुरुंग. फारोसमोर तो उभा राहिला तेव्हा वय ३०. म्हणजे १३ वर्षं गेली.

आपण सहसा इथेच थांबतो. पण स्वप्न अजून पूर्ण झालेलंच नाही! त्यानंतर सुकाळाची ७ वर्षं. मग दुष्काळाची २ वर्षं संपत आली असताना तो भावांना ओळख देतो. ३० अधिक ७ अधिक २, म्हणजे ३९. स्वप्न आणि त्याचा अर्थ कळणं यात साधारण २२ वर्षांचं अंतर आहे.

आणि स्वप्नात खड्डा दिसला नव्हता. तुरुंगही दिसला नव्हता. देवाने शेवट दाखवला, रस्ता दाखवला नाही. म्हणून रस्त्यात खड्डा आला की "मी चुकीचं ऐकलं" असं लगेच ठरवू नका.

भरवसा म्हणजे गप्प बसणं नाही

आपल्याकडे एक गैरसमज आहे. विश्वासणाऱ्याने तक्रार करायची नाही, कोणाकडे मदत मागायची नाही, फक्त हसत राहायचं. योसेफ असा नव्हता. तुरुंगात त्याने राजाच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि स्पष्ट विनंती केली की तू सुटलास की माझ्याबद्दल फारोला सांग. मला माझ्या देशातून चोरून आणलंय आणि इथेही मी कसला गुन्हा केलेला नाही, असंही तो बोलला. अन्यायाला त्याने अन्यायच म्हटलं. "देवाची इच्छा" असं नाव दिलं नाही.

आणि तो प्यालेबरदार काय करतो? विसरतो! पूर्ण दोन वर्षं. आपण मेसेज पाठवतो, निळ्या टिक दिसतात, उत्तर येत नाही. तसंच काहीसं. मला वाटतं, सगळ्यात अवघड काळ हाच. कारण आता आशा दिसली होती आणि ती पुन्हा विझली.

मधल्या काळात काय चाललं होतं?

दोन गोष्टी. पहिली, उत्पत्तीच्या ३९व्या अध्यायात परमेश्वर योसेफबरोबर होता ही गोष्ट चार वेळा येते. चारही वेळा तो एकतर गुलाम आहे, नाहीतर कैदी. म्हणजे देवाची सोबत ही राजवाड्यात पोचल्यावर मिळणारं बक्षीस नव्हती.

दुसरी, काम. पोटीफरच्या घरी त्याच्या हाती घर आणि शेती दोन्हींचा कारभार होता. तुरुंगात अधिकाऱ्याने बाकीचे कैदी त्याच्याकडे सोपवले. एका परक्या देशात, परक्या भाषेत, तो माणसं आणि माल सांभाळायला शिकत होता. पुढे फारोला त्याने सल्ला दिला की सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा साठवा. तो सल्ला अमलात आणायची तयारी कुठे झाली, विचार करा.

अजून एक गंमत. पहिल्या स्वप्नात पेंढ्याच का होत्या? १७व्या वर्षी त्याला नमन दिसलं. धान्य दिसलं नाही. ३९व्या वर्षी भाऊ आले ते धान्यासाठीच. तेव्हा त्याला कळलं की देवाने आपल्याला पुढे पाठवलं ते जीव वाचवायला. पाचारण तेच होतं, पण त्याचा अर्थ मोठेपणा नसून जेवू घालणं होता. हे समजायला वेळ लागला. कदाचित म्हणूनच वेळ लागला.

मग त्या भावाला मी काय कळवलं?

मी लिहिलं: तू लवकरच राजवाड्यात जाशील असं मी सांगणार नाही. योसेफलाही तुरुंगात तसं कोणी सांगितलं नव्हतं. पण पप्पांना रोज आंघोळ घालणं हे तुझ्या सेवेच्या आड आलेलं नाही. आजारी माणसाजवळ कसं बसायचं, हे तुला आता कोणत्याही वर्गाबाहेर कळलंय. दुकानातच बस, पण मदत माग. पाळकांना भेट. घरी राहून शिकता येईल असा कोर्स आहे का, विचार. रडू आलं तर रड. योसेफही कितीदा रडलाय, वाचून बघ.

त्याचं उत्तर रात्री साडेअकराला आलं. "दादा, पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पेंढ्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

तुमचाही एखादा "दोन वर्षांचा" काळ चालू असेल. या आठवड्यात एकच करा: उत्पत्ती ३७ आणि ३९ ते ४५ हे अध्याय सलग वाचा, आणि आपण आत्ता कुठे आहोत ते वहीत लिहा. खड्डा, घर, की तुरुंग? मग देवाला तिथूनच हाक मारा. जिथे असायला हवं होतं तिथून नको.

प्रभू, जे वाट पाहून थकलेत त्यांच्याजवळ आज रात्री बस. आमेन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.