केस गेले, बातमी झाली. नजर गेली तर?

जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस भराभर गळायला लागले आणि बुलढाणा जिल्हा थेट नॅशनल न्यूजमध्ये! डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. ताटात काय पडतं यावर सगळे बोलायला लागले. साहजिकच आहे, टक्कल दिसतं ना!

पण जे दिसत नाही, त्याचं काय?

खामगावला माझे काका-काकू राहतात. दोघांनाही डायबेटिस. स्कूटर चालवताना काकांना धूसर दिसायला लागलं, तेव्हा त्यांना लगेच अकोल्याला नेलं, लेसर झालं. आणि काकू? "मले त सगयं दिसते, कायले पैसे घालू?" विषय कट. शिवाय काकू एकदम शिडशिडीत. शुगरचा त्रास जाड्यांना, हा घरातला लाडका सिद्धान्त.

हा सिद्धान्त पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केव्हाच मोडीत काढलाय. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! म्हणजे बारीक दिसणं हे काही हेल्थ सर्टिफिकेट नाही.

डोळ्याचा फंडा सिंपल आहे. वाढलेल्या साखरेनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, झिरपतात, पुढे फुटतात. सुरुवातीला दुखत नाही, धूसरही दिसत नाही. चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून पडदाच तपासावा लागतो.

चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या पाहणीत हा आजार पुरुषांमध्ये जास्त आढळला होता. म्हणून बायका सेफ? अजिबात नाही. रक्त कमी असेल तर पडद्याला ऑक्सिजनही कमी मिळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला, पुरुषांमध्ये २५ टक्के. त्यात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी आणि दवाखान्यात सगळ्यात शेवटी जाणारी कोण, हे तुमच्या घरातच बघा.

सो, आईबाबांना नवे मोबाइल घेऊन देणाऱ्या दोस्तांनो, टाइप टू डायबेटिस कळल्याबरोबर पडद्याची तपासणी आणि मग दर वर्षी एकदा, एवढं लक्षात ठेवा. सोबत शुगर, बीपी आणि हिमोग्लोबिन. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं, म्हणून बरोबर कुणीतरी हवं. ते कुणीतरी तुम्हीच व्हा.

दिवाळीत मी काकूला अक्षरशः ओढत नेलं. पडद्यावर सुरुवातीचे डाग निघाले. लेसरची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. पण शुगर आवरा, रक्त वाढवा, पुढच्या वर्षी नक्की या.

तोपर्यंत काकूला सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.