गिल्डचे युद्ध, शिपायाची कमाई

एका गिल्डने प्रांत जिंकायचा, चार तास तो आपल्याकडे ठेवायचा आणि चार तास सरले की शेजारच्या गिल्डला तो निवांतपणे घेऊ द्यायचा. पुढच्या चार तासांनी तोच प्रांत पुन्हा आपण जिंकायचा. नकाशावर ज्याला युद्ध म्हटले आहे त्याचे प्रत्यक्ष रूप हे असे. ‘फोर्ज ऑफ एम्पायर्स’ या ऑनलाइन डावपेचांच्या खेळात हा प्रकार वर्षानुवर्षे चालला आणि त्याच्याभोवती खेळाडूंच्या तक्रारींचा, शंकांचा नि वादांचा मोठा ढीग जमा झाला. वरवर पाहता हे प्रश्न वेगवेगळे दिसतात. कोणी म्हणतो जोड्या विषम लागतात, कोणी म्हणतो खजिना रिकामा होतो, कोणाला रात्रीची जागरणे नकोशी झालेली असतात. मुळाशी गेले तर मात्र बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात: हे युद्ध गिल्डसाठी आहे की गिल्डमधून लढणाऱ्या एकेका खेळाडूसाठी?

जर्मनीतील हॅम्बर्ग येथील ‘इनोगेम्स’ या कंपनीने हा खेळ २०१२ साली ब्राउझरवर आणला. मोबाइलवर तो नंतर आला. पाषाणयुगातील चार झोपड्यांपासून सुरुवात करून युगामागून युगे ओलांडत आपले नगर वाढवायचे, हे त्याचे मूळ स्वरूप. गिल्ड म्हणजे अशा जास्तीत जास्त ८० नगरांचा संघ. गिल्डांच्या लढाईची पहिली पद्धत २०१३ मध्ये आली. ती केवळ संगणकावर खेळता येई, मोबाइलवर ती कधीच आली नाही आणि पुढे ती बंदच करण्यात आली. आज ज्या पद्धतीबद्दल खेळाडू भांडतात ती ‘गिल्ड बॅटलग्राउंड्स’, म्हणजे गिल्डांचे रणांगण, २०१९ मधली.

तिचे नियम थोडक्यात असे. एका नकाशावर पाच ते आठ गिल्डा उतरतात. हंगाम अकरा दिवसांचा, मग तीन दिवसांची विश्रांती. आपल्या तळाला किंवा आपण जिंकलेल्या प्रांताला लागून असलेल्या प्रांतावरच हल्ला करता येतो. हल्ला म्हणजे आठ तुकड्यांचे सैन्य पाठवून लढाई करणे, अथवा माल देऊन वाटाघाट करणे. लढाई जिंकली की प्रांताच्या दिशेने एक पाऊल पुढे, वाटाघाट साधली की दोन. ठरलेली पावले जी गिल्ड आधी पूर्ण करील तिचा प्रांत. जिंकलेला प्रांत चार तास कुलूपबंद राहतो, त्याला कोणी हात लावू शकत नाही. ताब्यातील प्रांतांवर दर तासाला विजयगुण मिळतात आणि हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण अधिक तो पहिला.

एवढ्यावर थांबले असते तर ज्याच्याकडे वेळ अधिक त्याचेच राज्य झाले असते. म्हणून खेळाच्या रचनाकारांनी ‘अ‍ॅट्रिशन’ची तरतूद केली. मराठीत तिला झीज म्हणता येईल. प्रत्येक लढाईगणिक खेळाडूची झीज एकाने वाढते, झीज वाढली की समोरचे सैन्य अधिक बळकट होते आणि वाटाघाटींचा भाव चढतो. शेवटी एक वेळ अशी येते की सैन्य पाठवणे म्हणजे ते गमावणेच. मध्यरात्री सर्वांची झीज पुन्हा शून्यावर येते. कल्पना चांगली होती, कारण दिवसभर फोनला चिकटून बसणाऱ्यालाही ती कुठेतरी थांबवणारी होती.

परंतु याच नियमाला एक पळवाट जोडलेली होती. जिंकलेल्या प्रांतात गिल्डला इमारती उभारता येतात आणि त्यांतील वेढ्याची छावणी सर्वांत मोलाची. शेजारच्या प्रांतावर हल्ला करताना अशी एक छावणी झीज न होण्याची शक्यता २४ टक्क्यांनी वाढवते. छावण्यांचा परिणाम बेरजेने वाढत जाई. चार छावण्या लागून असल्या की ९६ टक्के. पाचवी उभी राहिली की झीजच नाही.

हा हिशेब थोडा बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले. समजा, एखाद्या खेळाडूचे सैन्य ८० झिजेपर्यंत टिकते. छावणी नसेल तर त्याला दिवसाला सुमारे ८० लढाया करता येतील. चार छावण्या असतील तर शंभरांतल्या चारच लढायांत झीज होणार. म्हणजे त्याच ८० झिजेत सरासरीने २००० लढाया बसतात. पाच असतील तर मर्यादा उरते ती बोटांच्या ताकदीची. आणि प्रत्येक जिंकलेल्या लढाईमागे खेळाडूला स्वतःला काहीतरी मिळण्याची शक्यता असते: फोर्ज पॉइंट, माल, सैन्य, क्वचित हिरे. फोर्ज पॉइंटांवर या खेळातली नगरे वाढतात. तेव्हा दिवसाला हजारो लढाया करणारा आणि ८० लढायांवर थांबणारा, हे दोघे एकाच खेळात राहिले तरी एका पंक्तीत राहत नाहीत.

आता प्रांत एकदा जिंकला की लढाया संपतात. लढाया संपल्या की कमाई संपते. त्यामुळे खऱ्या अर्थाने युद्ध जिंकणे, म्हणजे साऱ्या नकाशावर आपला रंग पसरवून शांत बसणे, लढवय्या खेळाडूला तोट्याचे ठरू लागले. दोन बलाढ्य गिल्डांनी हे चटकन ओळखले. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक वाटून घ्यायचा, दोघांनी आपापल्या घरांत छावण्या उभारायच्या आणि चार-चार तासांनी घरे बदलायची. उरलेल्या पाच-सहा गिल्डांना तळातून बाहेर पाऊल टाकायला वाव राहत नसे. त्यांनी कसाबसा एखादा प्रांत घेतलाच, तरी कुलूप उघडताच तो काही मिनिटांत जाई. युद्धाच्या नियमांतून दोन बलवानांची मैत्री जन्माला आली आणि तिची किंमत दुबळ्यांनी मोजली.

याला फसवणूक म्हणता येत नाही, ही यातली खरी अडचण. नियम कुणीच मोडला नव्हता. जो नियम खेळाडूला प्रत्येक लढाईचे पैसे देतो आणि गिल्डला केवळ हंगामाअखेरीस मान देतो, त्या नियमाने लोकांना जे शिकवायचे ते शिकवले, इतकेच. लहान गिल्डांचा राग समजण्यासारखा होता. पण तो राग जेव्हा समोरच्या खेळाडूंवर निघे तेव्हा तो चुकीच्या पत्त्यावर जात होता.

२०२३ मध्ये कंपनीने रणांगणाची रचना बदलली. तीत छावण्यांच्या परिणामावर कमाल मर्यादा घालण्यात आली. छावण्या कितीही असोत, झीज टळण्याची शक्यता ८० टक्क्यांपुढे जाणार नाही. वरच्या उदाहरणातील खेळाडूच्या २००० लढाया यामुळे सुमारे ४०० वर आल्या. अदलाबदल अशक्य झाली नाही, महाग झाली. यावर उठलेले वादळ लहान नव्हते. ज्यांनी स्टॅच्यू ऑफ झ्यूस, कॅथेड्रल ऑफ आखेन, कॅस्टेल डेल माँटे यांसारख्या सैन्यबळ वाढवणाऱ्या महावास्तू वर्षानुवर्षे चढवल्या होत्या, त्यांना आपली गुंतवणूक कापली गेल्यासारखे वाटले. उलट लहान गिल्डांचे म्हणणे असे की मर्यादा अजूनही सैल आहे. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार आहे. तरीही ज्या नियमामुळे आठांपैकी सहा गिल्डांना खेळताच येत नाही, तो नियम दोघांच्या सोयीसाठी राखणे कोणत्याही खेळाला परवडणारे नव्हते. पुढे केवळ रणांगणातच चालणारे सैन्यबळ देणाऱ्या नव्या इमारतीही आल्या आणि ज्याच्याकडे हिरे विकत घ्यायला पैसा आहे त्याचा वरचष्मा, ही जुनीच तक्रार नव्याने सुरू झाली.

खजिन्याचा प्रश्नही याच धाग्याला बांधलेला आहे. छावण्यांसाठी लागणारा माल गिल्डच्या सामायिक खजिन्यातून जातो. तो येतो सदस्यांच्या देणग्यांतून, तसेच आर्क, ऑब्झर्वेटरी, अटोमियम अशा महावास्तूंतून. गोव्याच्या वाचकाला येथे गांवकारीची आठवण होणे साहजिक आहे. सामायिक जमिनीचे उत्पन्न, त्यातून गावाचा सामायिक खर्च आणि उरलेल्यातून गांवकारांना जोण, अशी ती व्यवस्था. गिल्डच्या खजिन्यात जोण नाही. आत गेलेला माल सदस्याला परत मिळत नाही; त्याला मिळतो तो त्या मालावर उभ्या केलेल्या छावणीचा फायदा, आणि तोही त्याने लढाया केल्या तर. साहजिकच, कमी लढणारा पण नेमाने देणगी देणारा सदस्य विचारतो की आपल्या मालावर दुसऱ्यांनी किती दिवस कमाई करायची. ज्या गिल्डांमध्ये या प्रश्नाला स्पष्ट उत्तर नसते, त्या फुटतात. छावणी कुठे उभारायची हे ठरवण्याचा अधिकार मोजक्या पदाधिकाऱ्यांकडे ठेवण्याची रीत त्यातूनच आली.

लीगची व्यवस्था हा तक्रारींचा दुसरा मोठा विषय. तांबे, चांदी, सोने, प्लॅटिनम आणि हिरा अशा पाच लीग आहेत. गुण शून्यापासून १००० पर्यंत. ९०० च्या वर हिरा. आठ गिल्डांच्या नकाशावर पहिल्या क्रमांकाला १७५ गुण वाढतात, शेवटच्याचे १७५ कमी होतात, मधल्यांचे त्या प्रमाणात. ८५० गुणांची एखादी मध्यम गिल्ड प्लॅटिनममध्ये पहिली आली की तिचे १०२५ व्हायला हवेत. पण १००० हा माथा असल्यामुळे ती तिथे थांबते. त्याच माथ्यावर सर्व्हरवरील सर्वांत बलाढ्य गिल्डाही थांबलेल्या असतात, कारण त्यांनाही वर जायला जागा नाही. पुढच्या हंगामात ही मध्यम गिल्ड त्यांच्या समोर उभी राहते, शेवटची येते, ८२५ वर उतरते आणि तिथे पुन्हा जिंकून वर जाते. एक हंगाम राजा, एक हंगाम कैदी. या झोपाळ्याला कंटाळून काही गिल्डा प्लॅटिनममध्ये मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर थांबतात. जिंकू नये म्हणून डोके चालवावे लागणे ही स्पर्धेची विचित्र अवस्था खरी, पण माथा उंचावल्याशिवाय किंवा गुणांची उडी लहान केल्याशिवाय तिच्यावर उपाय दिसत नाही.

गोव्यातील तरुणांना अधिक परिचित असलेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’शी तुलना केली तर गोष्ट उघड होते. फिनलंडच्या ‘सुपरसेल’ने त्यात २०१४ मध्ये क्लॅन वॉर आणले. एक दिवस तयारीचा, एक दिवस लढाईचा आणि प्रत्येक सदस्याला हल्ले फक्त दोन. तेथे कोणी हजार वेळा लढून श्रीमंत होऊ शकत नाही, म्हणून प्रांत बदलून घेण्याचा मोहही नाही. तेथील रडगाणे वेगळे: सदस्याने आपले दोन हल्ले केलेच नाहीत. शिवाय जोडी लावताना बळ कसे मोजले जाते हे ओळखून काही जणांनी टाउन हॉल वाढवला, पण जड भरणारी संरक्षणे बांधलीच नाहीत. कागदावर हलके आणि हल्ल्यात भारी. बळाचे कोणतेही मोजमाप ठरवले की त्याला वाकवणारे निघतातच, आणि दोन्ही खेळांच्या कंपन्यांना आपले नियम पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागले ते यामुळेच.

पालकांकडून हमखास येणारा प्रश्न कायद्याचा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो. गिल्डांच्या लढाईत पैज नसते आणि जिंकलेले हिरे विकून रुपये होत नाहीत. अर्थात हिरे विकत घेण्यात रुपये जातात आणि ते परत येत नाहीत, हे घरातल्या ज्याच्या कार्डावर खरेदी होते त्याने ध्यानात ठेवलेले बरे.

राहिला वेळेचा प्रश्न. चार तासांचे कुलूप झोप ओळखत नाही. रात्री दहाला घेतलेला प्रांत दोनला उघडतो आणि त्या क्षणी कोणीतरी जागे हवे असते. अनेक गिल्डा पावले पूर्ण होण्याआधी शेवटचे एक पाऊल राखून ठेवतात आणि सोयीची वेळ साधून ते टाकतात. त्यासाठी एका पदाधिकाऱ्याने घड्याळाकडे डोळे लावून बसायचे आणि बाकीच्यांनी उतावळेपणाने बटण दाबायचे नाही. नवख्या सदस्याला गिल्डमधून काढले जाण्याचे कारण पुष्कळदा हेच असते, आणि ते त्याला आधी कोणी सांगितलेलेच नसते. हंगामाला किमान इतक्या लढाया केल्याच पाहिजेत, अशी अटही काही गिल्डा घालतात. प्रवेश घेण्यापूर्वी तिचा आकडा विचारून घ्यावा; नोकरी किंवा परीक्षा सांभाळून तो जमणार नसेल तर लहान गिल्ड बरी.

भारतीय खेळाडूंच्या बाबतीत या वेळेला आणखी एक पीळ आहे. मध्य युरोपच्या वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरची मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. झीज शून्यावर येते ती त्या वेळी. युरोपातील खेळाडू तेव्हा झोपायला निघालेले असतात. गोव्यात सकाळी सातच्या चहाला फोन उघडणाऱ्याच्या हाती पूर्ण दिवसाची ताजी ताकद असते आणि समोरचा नकाशा जवळजवळ निजलेला. म्हणून युरोपीय सदस्यांच्या गिल्डांना भारतातला एखादा लढवय्या हवाच असतो. पहाटेची कुलपे कोण उघडणार, हा त्यांचा रोजचा प्रश्न त्याच्यामुळे सुटतो.